जुन्या गाडीवरचा मार्कर: आधी रंग ओळखा, मग बाटली उघडा

परमनंट मार्करचा डाग नव्या गाडीवर पडला तर तो पाच-दहा मिनिटांत निघतो. तोच डाग चाळीस-पन्नास वर्षांच्या ॲम्बेसिडरवर किंवा पद्मिनीवर पडला आणि आपण तीच बाटली, तेच फडकं घेऊन बसलो, तर गाडीचं कायमचं नुकसान होऊ शकतं. शाई तीच असते, पण खालचा रंग वेगळा असतो. म्हणून डाग कसा काढायचा याआधी आपल्या गाडीवर नेमका कोणता रंग बसलाय, हे ओळखावं लागतं. या लेखात जास्त जागा त्यालाच दिली आहे.

विदर्भातल्या खेड्यापाड्यांत अशा गाड्या अजून बऱ्याच आहेत. एखादी मालगुजारांच्या जुन्या वाड्यात, एखादी कापसाच्या व्यापाऱ्याच्या टिनाच्या शेडमध्ये, एखादी डॉक्टरांच्या घरामागे चिंचेखाली. वर्षभर ताडपत्रीत झाकलेली असते आणि लग्नसराईत कुणा नवरदेवासाठी धुऊन-पुसून बाहेर निघते. आणि मार्कर तर आता घरोघरी असतो. वरूड-मोर्शीकडे संत्र्याच्या क्रेटवर नाव टाकायला, जिनिंगमध्ये गाठींवर नंबर टाकायला, बियाण्याच्या पोत्यावर खूण करायला. तो लेकरांच्या हाती लागला की बॉनेटवर चित्र उमटतं. वरातीच्या गाडीवर फुलांच्या माळांसोबत कोणीतरी हौसेने नवरा-नवरीचं नाव लिहितं. मग चौकातला सल्ला ठरलेला: "थिनर मार ना भाऊ, एका मिंटात निघते." निघते हे खरं, पण एनसी, म्हणजे थिनरमध्ये पुन्हा विरघळणाऱ्या जुन्या पद्धतीच्या रंगाच्या गाडीवर शाईसोबत रंगही निघतो आणि प्रायमर, म्हणजे रंगाखालचा अस्तराचा थर, उघडा पडतो.

शाई करते काय?

मार्करच्या शाईत तीन गोष्टी असतात: रंग, त्या रंगाला पृष्ठभागावर चिकटवून ठेवणारं रेझिन, आणि या दोघांना पातळ ठेवणारं द्रावक. आजच्या बहुतेक मार्करमध्ये हे द्रावक म्हणजे कुठलं तरी अल्कोहोल असतं. पूर्वी झायलीन, टोल्युईन जास्त वापरत, त्यांचा उग्र वास डोक्यात जायचा. रेघ ओढली की द्रावक काही सेकंदांत उडून जातं आणि रेझिन रंगाला धरून बसतं. हे रेझिन पाण्यात विरघळत नाही, म्हणून साबण-पाण्याने कितीही घासलं तरी रेघ हलत नाही. अल्कोहोल लागलं की मात्र तीच शाई पुन्हा पातळ होते आणि फडक्यात उतरते.

इथपर्यंत सोपं आहे. गुंता पुढे होतो. या शाईतला रंग बहुधा पूर्ण विरघळलेला असतो, त्यात कण राहत नाहीत. त्यामुळे जिथे बारीक छिद्र सापडेल तिथे तो शिरतो. हळदीचा हात चकचकीत टाइलला लागला तर पुसला की गेला, पण पॉलिश न केलेल्या शहाबादी फरशीला लागला तर फरशीत उतरतो. नवी गाडी त्या टाइलसारखी आणि जुनी गाडी शहाबादीसारखी.

असं का, तर नव्या गाड्यांवर रंगाच्या थरावर एक पारदर्शक, कडक थर असतो. त्याला क्लिअर कोट म्हणतात. कारखान्यातून आलेल्या गाडीवरचे सगळे थर मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन जाडी भरते, त्यात क्लिअर कोट ३५ ते ५० मायक्रॉन. आपला केस साधारण ७० मायक्रॉनचा असतो, म्हणजे हा क्लिअर कोट एका केसापेक्षाही बारीक. तरी ते इतकं घट्ट असतं की शाई वरच राहते. जुन्या गाड्यांवर बहुधा हा पारदर्शक थर नसतोच. जो रंग दिसतो तोच सगळ्यात वरचा. विदर्भात वैशाखात पारा ४५ अंशांच्या वर जातो, आणि उन्हात उभ्या गाडीचा पत्रा त्याहून कितीतरी जास्त तापतो. अशी पन्नास उन्हं खाल्ली की ऊन रंगातलं बांधणारं द्रव्य मोडत जातं. रंगाचे कण मोकळे होतात, चमक जाते, हात फिरवला की तळव्याला पावडर लागते. या थकलेल्या थरात शाई आत उतरते. म्हणून डाग ताजा असतानाच हात लावलेला बरा. एक उन्हाळा तसाच गेला तर काम कितीतरी अवघड होतं.

रंग तीन जातीचे

आपल्याकडे जुन्या गाड्यांवर मुख्यतः तीन प्रकारचे रंग सापडतात, आणि ते वेगवेगळ्या पद्धतीने वाळतात. सगळा खेळ या वाळण्याचाच आहे.

पहिला एनसी, म्हणजे नायट्रोसेल्युलोज लॅकर. हा फक्त थिनर उडून गेल्याने वाळतो. आत कुठलीच रासायनिक गाठ बसत नाही. त्यामुळे पन्नास वर्षांनीही त्याला पुन्हा थिनर लावलं तर तो पुन्हा ओला होतो. अमेरिकेच्या ड्युपाँ कंपनीने १९२० च्या दशकात 'ड्युको' नावाने हा रंग मोटारींसाठी आणला. त्याआधीच्या ब्रशने लावायच्या वार्निशला वाळायला आठवडे लागायचे, हा काही तासांत वाळायचा. कापसाच्या मुलखात एक गोष्ट आवर्जून सांगावीशी वाटते: नायट्रोसेल्युलोज बनवायला सरकीवर उरलेली कापसाची बारीक लव वापरतात. जिनिंगमध्ये आपण जो कापूस पाहतो, त्याच्याच सेल्युलोजचा एक अवतार एखाद्या जुन्या बॉनेटवर चमकत असतो.

दुसरा सिंथेटिक इनॅमल. हा हवेतला ऑक्सिजन घेऊन हळूहळू कडक होतो. थिनरने लगेच विरघळत नाही, पण थोडा वेळ ओला राहिला तर फुगतो, सुरकुततो.

तिसरा पीयू, ज्याला काही पेंटर टू-के म्हणतात. यात फवारण्याआधी हार्डनर मिसळतात आणि रंग आतून एकमेकांत गुंफला जातो. एकदा नीट पिकला की अल्कोहोलला तो दाद देत नाही.

आता अडचण अशी की गाडीच्या सालावरून रंग ओळखता येत नाही. ॲम्बेसिडर १९५० च्या दशकाच्या अखेरीपासून २०१४ पर्यंत कारखान्यातून निघत होती. शिवाय खेड्यातली जुनी गाडी आतापर्यंत दोन-चारदा तरी रंगलेली असते, आणि सगळी एकदम रंगलेली नसते. बैलगाडीचं जू लागलं म्हणून एक दार नागपुरात पीयूने केलं, मागचं मडगार्ड तालुक्याच्या गॅरेजमध्ये एनसीने, असं असतं. पेंटरला विचारलं तर तो म्हणतो "ड्युको मारलाय", आणि आजकाल मशीनने फवारलेल्या कुठल्याही रंगाला ड्युकोच म्हणतात. त्या उत्तरावर विसंबू नका.

तपासणी स्वतः करायची, आणि ज्या पत्र्यावर डाग आहे त्याच पत्र्यावर करायची. दाराच्या आतल्या बाजूला तपासणं सोयीचं वाटतं, पण तिथे मूळ कंपनीचा रंग आणि बाहेर नंतरचा रंग असू शकतो. म्हणून त्याच दाराची किंवा बॉनेटची अगदी खालची, नजरेत न येणारी कड निवडा.

आधी पांढऱ्या सुती फडक्यावर थोडं पॉलिश घेऊन त्या कडेवर चार-पाच वेळा हलकेच फिरवा. फडक्याला गाडीचा रंग लागला तर वर क्लिअर कोट नाही. गाडी पांढरी असेल तर काळं फडकं घ्या, नाहीतर काहीच कळणार नाही. मग कान कोरायच्या कापसाच्या काडीचं टोक थिनरमध्ये जेमतेम भिजवून त्याच जागी टिंबभर टेकवा. लगेच चिकट झालं आणि काडीला रंग आला, तर एनसी. थोडं थांबून फुगवटा किंवा सुरकुती आली, तर इनॅमल. काहीच झालं नाही किंवा फार तर किंचित चमक उतरली, तर पीयू. थिनरचं काम या एका टिंबापुरतंच. यानंतर ती बाटली बंद करून दूर ठेवा.

आता डाग

काम सावलीत आणि गार पत्र्यावर करायचं. उन्हाळ्यात सकाळी सात-आठच्या आत आटपलेलं बरं. तापलेल्या पत्र्यावर द्रावक क्षणात उडतं आणि विरघळलेली शाई तिथेच पुन्हा बसते, कधी आधीपेक्षा जास्त पसरून. डाग काढायला जे आइसोप्रोपिल अल्कोहोल (आयपीए) वापरायचं, त्याची वाफ १२ अंशांच्या आसपासच पेट घेण्याजोगी होते, म्हणजे आपल्याकडे जवळपास बारा महिने. बिडी-सिगारेट, चूल, जनरेटर जवळ नको, हातात रबरी मोजे हवेत.

पहिल्यांदा गाडी भरपूर पाण्याने धुवा. यात घाई नको. काळ्या मातीची धूळ वाळली की त्यात बारीक कच असते, आणि ती फडक्याखाली सापडली तर मार्करच्या रेघेपेक्षा मोठे ओरखडे पाडते. कपड्याचा साबण, भांड्याची पावडर, सोडा नको. गाडीचा शाम्पू घ्या, नसेल तर नुसतं पाणी. मऊ कापडाने कोरडी करा.

इथून पुढे रंगाप्रमाणे वाट बदलते.

पीयू किंवा क्लिअर कोट असेल तर सरळ आइसोप्रोपिल अल्कोहोल घ्या. तालुक्याच्या गावी ते मिळायची खात्रीची जागा म्हणजे मोबाइल दुरुस्तीचं दुकान. बोर्ड साफ करायला तिथे आयपीए ठेवलेलं असतं. फक्त त्याच टेबलावर तशाच प्लास्टिकच्या बाटलीत थिनरही असू शकतं, आणि दोन्ही पाण्यासारखी दिसतात. खात्री करायला थर्माकोलच्या तुकड्यावर दोन थेंब टाका. थिनर किंवा ॲसिटोन असेल तर थर्माकोल डोळ्यांदेखत खचतो आणि भोक पडतं. आयपीएने त्याला काही होत नाही. ही चाचणी फुकटची आहे, ती टाळू नका.

आयपीएत तेवढंच पाणी मिसळा. मऊ फडक्याचा कोपरा भिजवा, पिळा आणि रेघेवर टेकवून चार-पाच सेकंद धरा. मग उचला. घासायचं नाही, टिपायचं. काळी शाई असेल तर फडक्यावर काळ्याऐवजी जांभळा, निळा असे रंग वेगवेगळे उतरलेले दिसतील. घाबरू नका, काळी शाई बऱ्याचदा दोन-तीन रंग मिसळून केलेली असते आणि अल्कोहोलमध्ये ते सुटे होतात. प्रत्येक वेळी फडक्याची नवी, कोरी बाजू घ्या. डागाच्या बाहेरून आत या, म्हणजे शाई पसरत नाही. शेवटी ओल्या फडक्याने पुसून कोरडं करा. नव्या पक्क्या रंगावर बहुतेक डाग इथेच संपतो.

एनसी असेल तर अल्कोहोलने सुरुवात करू नका. इथे बरेच जाणते लोकही चुकतात. अल्कोहोल एनसीला थिनरसारखं लगेच विरघळवत नाही, म्हणून ते सुरक्षित वाटतं. पण ते वरचा थर मऊ करतं, आणि मऊ झालेल्या, भुसभुशीत थरात पातळ झालेली शाई आणखी खाली जाते. वरची रेघ फिकट होते आणि आतला डाग खोल जातो. म्हणून जुन्या एनसीवर आणि पावडर सुटलेल्या इनॅमलवर आधी पॉलिश.

पॉलिश म्हणजे बारीक दाण्याचं, हाताने लावायचं. स्पेअर पार्ट्सच्या दुकानात 'रबिंग' म्हणून जो डबा देतात तो जाडा असतो, तो आत्ता नको. फडकं एका बोटाला गुंडाळा, टोकावर तुरीच्या दाण्याएवढं पॉलिश घ्या आणि फक्त रेघेवर, रेघेच्याच दिशेने, हलक्या हाताने फिरवा. इथे फडक्याकडे नीट बघायचं. समजा गाडी लाल आणि मार्कर निळा आहे. सुरुवातीला फडक्यावर लाल आणि निळं मिळून जांभळट येईल. लाल रंग येणं स्वाभाविक आहे, तो मेलेला, सुटलेला थर आहे आणि त्यातच शाई अडकलेली आहे. तो थर निघाला की शाईही निघते. पण फडक्यावर निळं यायचं बंद झालं आणि नुसतं लालच यायला लागलं, तर थांबा. तिथून पुढे तुम्ही डाग काढत नाही, गाडीचा चांगला रंग झिजवताय. कडांवर आणि पत्र्याच्या घडीवर रंग मुळातच पातळ बसलेला असतो, तिथे दुप्पट जपा.

पॉलिशनंतरही रेघ ठळक राहिली तरच पाणी मिसळलेलं अल्कोहोल, आणि तेही दोन सेकंदांचा स्पर्श. कापसाच्या काडीने फक्त रेघेवर टेकवायचं आणि लगेच कोरड्या फडक्याने टिपायचं. जागा चिकट वाटली तर काम बंद, गाडी दिवसभर सावलीत उघडी ठेवायची. मऊ झालेला थर हळूहळू परत कडक होतो, पण तोवर त्याला बोट लावलं तर बोटाचा ठसा कायमचा बसेल.

चांगल्या स्थितीतल्या, चमक टिकलेल्या इनॅमलला अल्कोहोलचा थोडका स्पर्श सहसा सोसतो. तरी आधी कडेवर बघून घ्याच.

सॅनिटायझर वापरावं का, असं बरेच जण विचारतात. त्यात अल्कोहोल असतं, त्यामुळे शाई निघते. पण जेल एकाच जागी बराच वेळ ओलं राहतं, आणि जुन्या रंगाला तेच सोसत नाही. पक्क्या पीयूवर चालेल. पेट्रोल-रॉकेल डांबरावर चालतं, मार्करच्या शाईवर त्याचा जोर कमी पडतो आणि तेलकट थर मागे राहतो. शिवाय उन्हाळ्यात पेट्रोलचं उघडं भांडं घेऊन गाडीजवळ बसणं ही जिवाशी गाठ आहे. नेलपेंट रिमूव्हरमध्ये बहुधा ॲसिटोन असतं, म्हणजे ते थिनरचंच भावंड. टूथपेस्टमध्ये घासणारे कण असतात, ते किती जाडे हे कोणालाच ठाऊक नसतं. राख आणि तारेची घासणी यांबद्दल लिहायची गरज पडू नये, पण घरातल्या कामाच्या माणसाला ते स्पष्ट सांगून ठेवा, कारण तो मनापासून मदत करायला जातो.

रेघेवर व्हाइटबोर्डचा मार्कर फिरवून लगेच पुसायचं, हीही एक युक्ती आहे. कडक, चकचकीत पृष्ठभागावर ती चालते, कारण त्या मार्करमधलं ओलं अल्कोहोल जुनी शाई सोडवतं. पण पावडर सुटलेल्या रंगावर ती करू नका. तिथे तुम्ही आणखी एक शाई आत सोडाल.

चांदी, सोनेरी किंवा पांढऱ्या रंगाचा जाडसर उठाव असलेला डाग असेल, तर तो बहुधा पेंट मार्करचा. हलवला की आत गोळी वाजते तो. त्यात खरा ऑइल पेंट असतो, अल्कोहोल त्याच्यावर फारसं चालत नाही. असा डाग पॉलिशनेच, थोडा थोडा, दोन-तीन दिवसांत विभागून काढावा. काच आणि क्रोमच्या बंपरवर मार्कर लागला तर अल्कोहोलने लगेच निघतो, फक्त ओघळ रंगावर येऊ देऊ नका. रबरी बीडिंग आणि सीटच्या रेग्झिनमध्ये शाई आत मुरते, ती पूर्ण निघत नाही. डॅशबोर्डला लाकूड असेल आणि त्यावर लाखेचं पॉलिश असेल, तर अल्कोहोल अजिबात नको, लाख त्यातच विरघळते.

सावली उरली तर

बरेचदा रेघ जाते आणि तिची फिकट सावली राहते. इथे थांबायला मन धजत नाही, आणि बहुतेक गाड्या याच क्षणी बिघडतात. आणखी पाच मिनिटं घासलं की प्रायमर दिसतो, मग पॅनेल रंगवावं लागतं, मग ते बाकी गाडीशी जुळत नाही म्हणून सगळी गाडी रंगवावी लागते. माझं मत स्पष्ट आहे: मूळ रंगाची गाडी असेल तर सावली राहू द्यावी. गाडीचा मूळ रंग एकदाच मिळतो. केंद्र सरकारच्या २०२१ च्या नियमांतही ५० वर्षांपेक्षा जुनी आणि मूळ रूप न बदललेली गाडीच व्हिंटेज म्हणून नोंदते. तो नियम रंगाबद्दल नाही, पण जुनी गाडी जपणारे लोक रंगाकडेही त्याच नजरेने बघतात. शिवाय मार्करमधले बरेच रंग उजेडात विटत जातात, त्यामुळे राहिलेली सावली वर्षा-दोन वर्षांत आपोआप फिकी पडू शकते.

कधी सावली गडद नसून उलटी, उजळ दिसते. ती शाई नसते. तेवढीच जागा स्वच्छ झालेली असते आणि भोवतीचा रंग मळलेला, विटलेला असतो. अशा वेळी तेच बारीक पॉलिश पूर्ण पॅनेलवर एकसारखं, अगदी हलकं फिरवा, फरक मिटतो. शेवटी मेणाचं पॉलिश लावा. अल्कोहोलने जुनं मेण निघून गेलेलं असतं आणि ती जागा उन्हापावसाला उघडी पडलेली असते. जुन्या एनसीवर मेण लावलं की रंग एकदम गडद, ओला झाल्यासारखा दिसतो, आणि राहिलेली सावली पुष्कळदा त्यातच लपते.

आणि गाडी रंगवायचीच ठरली, तर पेंटरला दोन गोष्टी आधी सांगा. मार्करचा डाग पूर्ण काढल्याशिवाय त्यावर प्रायमर मारू नको, कारण नव्या रंगातलं थिनर खालची शाई पुन्हा पातळ करतं आणि ती प्रायमर आणि रंग दोन्हींतून वर येते. पांढऱ्या आणि क्रीम गाडीवर ती पुढे गुलाबी किंवा जांभळ्या डागासारखी उमटू शकते. दुसरं, डेंटिंग करताना खड्ड्यांभोवती मार्करने गोल काढू नको, खडूने काढ. गॅरेजमध्ये मार्कर हाताशी असतो म्हणून सर्रास वापरतात, वरून लांबी (पुट्टी) भरतात, आणि पुढच्या वर्षी मालक गाडी घेऊन परत येतो की डाग कुठून आला.